चि. प. पू.

तेराव्याला आलेली माणसं परतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विनयाने आईच्या शिवणाच्या मशीनवरचं झाकण काढलं. सुईखाली भगव्या सुती कापडाची बंडी तशीच अडकलेली होती. दोन बंड्या शिवून, घड्या घालून शेजारी ठेवलेल्या. या तिसरीचा आतला खिसा नुसता टाचणीने लावलेला होता.

"ह्यो खिसा ऱ्हायलाच की वो ताई," पंधरा वर्षं बारामतीच्या या घरात काम करणारी सारजा म्हणाली. "मी म्हनायची, अवो आई, साधूला खिसा कशाला? त्याच्यापाशी हाय काय ठिवायला? तर मलाच वरडायच्या. रुमाल कुठं ठेवंल त्यो, म्हनायच्या."

विनया हसली नाही, रडलीही नाही. गेले चौदा दिवस तिला दोन्ही जमत नव्हतं.

साधू म्हणजे निहार, तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तो संन्यास घेऊन मठात गेला आणि गेली सात वर्षं मठाने त्याला धर्मप्रसारासाठी फिजीत ठेवलं होतं. तिथल्या एका उसाच्या गावात मठाची शाळा होती. "तिथंही साखर कारखाना आहे म्हणे," आई वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या जुन्या शेजारणींना सांगायची, जणू त्याची तिकडे बदलीच झाली होती. दर सहा महिन्यांनी ती त्याला तीन बंड्या शिवून पाठवायची. तेवढंच त्याला घेता येत होतं.

पहिल्या पार्सलवर तिने 'चि. निहार' लिहिलं होतं. मठाच्या कार्यालयातून नम्र पत्र आलं. स्वामीजींचं पूर्वाश्रमीचं नाव वापरू नये, 'प. पू. स्वामी निर्ममानंद' असं लिहावं. आईने शब्दकोश काढला.

"निर्मम म्हणजे निष्ठुर लिहिलंय गं इथं."

"ज्याचं ममत्व सुटलंय असा, आई."

"तेच ते."

नाव ती लिहायला शिकली, पण चिठ्ठीशी अडली. चिरंजीवाला आशीर्वाद लिहितात. परमपूज्यांना आशीर्वाद कसे देणार? त्यांना साष्टांग नमस्कार. "मी त्याला साष्टांग नमस्कार घालू? दुपटी धुतलीत मी त्याची," असं म्हणून आईने पेन खाली ठेवलं होतं. त्यानंतर पार्सलातून नुसत्या बंड्याच जायच्या.

आई गेली त्या दुपारी विनयाने फिजीला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आम्हाला सुतक नसतं. मी इथे प्रार्थना करीन." संन्यास घेताना त्याने स्वतःचं श्राद्धही घालून घेतलं होतं. अग्नी विनयाने दिला. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं, आईने शिवलेल्या बंड्या पाठवायच्या आणि ते पार्सल शेवटचं. सोबत काही लिहायचं नाही. मठ त्याचा आणि इंदापूरचा आपला संसार आपला.

अर्धवट बंडी मात्र तशी पाठवता येईना. शिवण तिला कधीच आलं नव्हतं. खिसा एका बाजूला चढला.

"वाकडा झालाय," सारजा म्हणाली.

"असू दे."

"असू दे तर असू दे. निहारबाबाचंबी कुठलं सरळ हाय?"

मशीनच्या खणात आईने आधीच लिहून ठेवलेला पत्त्याचा कागद सापडला. 'प. पू. स्वामी निर्ममानंद', ठसठशीत अक्षरात, आणि खाली विनयाने कधीतरी लिहून दिलेला इंग्रजी पत्ता. पण 'प. पू.'च्या आधी, जागा नसताना, अगदी कडेला 'चि.' घुसवलं होतं. वेगळ्या पेनने, मागाहून. विनयाने तो कागद पार्सलवर चिकटवला.

टपाल कार्यालयातल्या माणसाने चष्मा वर केला. "मॅडम, चिरंजीव आणि परमपूज्य, दोन्ही? एक काहीतरी खोडा."

"राहू द्या."

"तिकडं मराठी वाचणार कोण म्हणा."

"एक जण वाचतो."

"पाठवणाऱ्या याच का? राजलक्ष्मीबाई?" त्याने कोपऱ्यातलं नाव वाचलं.

"त्या नाहीत आता. मी मुलगी. त्याची मोठी बहीण."

बोलताना तिच्या लक्षात आलं, की निहारला 'चि.' लिहू शकेल असं माणूस घरात आता एकच उरलं होतं. तिने पार्सल परत मागितलं.

"अहो, वजन झालं की!"

"पुन्हा करा."

शेजारच्या बाकावर बसून तिने पावतीबुकासाठी ठेवलेल्या कागदांतला एक मागून घेतला. डोळे कोरडेच होते. तिने लिहिलं:

'चि. निहार यास अनेक आशीर्वाद. दोन बंड्या आईच्या हातच्या आहेत. तिसरीचा खिसा मी शिवला, म्हणून वाकडा आहे. पुढच्या बंड्यांसाठी छातीचं माप कळव.'

कागदाची घडी करून तिने ती तिसऱ्या बंडीच्या खिशात सरकवली आणि पार्सलाचं तोंड पुन्हा चिकटवून घेतलं.