झाडावरचा शिक्का

देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं होतं. राज्यघटना, गावातलं पहिलं मतदान, गावातली मुलींची पहिली शाळा, असे एकेक टप्पे फलकांवर मांडले होते. मतदानाच्या फलकावर गावच्या निवृत्त मास्तरांचा तरुणपणीचा फोटो होता. खाली ओळ : 'गावाला मत द्यायला शिकवणारे अधिकारी.' मुख्याध्यापिका म्हणजे मास्तरांची सूनच. तिनं तो हौसेनं लावला होता. मास्तरांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात इस्त्रीवाल्या मावशी आल्या. गावात मत देणारी पहिली बाई म्हणून त्यांना मानानं बोलावलं होतं.

मास्तरांना तो दिवस लख्ख आठवला. मावशी तेव्हा पंचविशीच्या, मास्तर मतदान केंद्रावरचे अधिकारी. मतपत्रिका हातात धरून त्यांनी विचारलं होतं, "मास्तर, शिक्का कुठं मारायचा असतो?"

"आण इकडे," म्हणत मास्तरांनी शिक्का मारला, घडी घातली आणि कागद पेटीत टाकला. शिक्का मारला तो झाडाच्या चित्रावर. मास्तरांच्या पसंतीच्या उमेदवाराचं चिन्ह झाड होतं. अडाणी बाईला काय कळतंय, असं तेव्हा वाटलं होतं. त्या दिवशी अकरा बायकांचे शिक्के त्यांनी असेच मारले.

ते मावशींना व्हरांड्यात घेऊन गेले.

"मावशी, त्या दिवशी तुमचं मत..."

"झाडाला गेलं," मावशी म्हणाल्या. "मला होडीला द्यायचं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाचता येत नव्हतं, मास्तर. डोळे होते की."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगणार? साहेब तुम्हीच होता." मावशींनी पदर सावरला. "घरी जाऊन रडले. पुढच्या खेपेला कागद छातीशी धरून आत गेले. नवऱ्यालासुद्धा हात लावू दिला नाही."

"मला माफ..."

"मला एकटीला काय सांगता? बाकीच्या बायांचं काय?"

मास्तर हॉलमध्ये परतले. सुनेच्या टेबलावरचं जाड पेन त्यांनी उचललं.

"बाबा, काय करताय? पाहुणे आलेत!" सून कुजबुजली. 

"त्या दिवशी बायकांचे शिक्के मीच मारले होते."

"जुनं उकरून आता काय मिळणार?"

"मिळायचं काही नाही गं. खोटं आहे ते."

त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं : 'यानं अकरा बायकांची मतं स्वतःच दिली.' सही केली. सुनेनं मान फिरवली.

लोक वाचायला पुढे सरकू लागले. कुणीतरी मोठ्यानं वाचलं, तशा सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. पळून जावंसं वाटत होतं, पण मास्तर मान खाली घालून तिथंच उभे राहिले. मावशी दारातून पाहत होत्या. त्या जवळ आल्या नाहीत, आणि गेल्याही नाहीत.