उजवा कौल

“हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण मेलं असं पंख्याकडे बघत बसू नका!” शेवंतीने मेथीची जुडी पेपरावर आपटली. “परवा संध्याकाळी सहाच्या आत कळवायचंय त्यांना. जान्हवीचे सकाळपासून दोन फोन झाले.”

“बघतो ना.”

“काय बघता? डिसेंबरचा पंखा?”

पंखा बंदच होता. दत्ताराम उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. क्रूझवाल्यांचा मेसेज त्याने चार वेळा वाचला होता. ओमायक्रॉन नावाचं काहीतरी नवीन आलंय, चढण्याआधी नाकात काडी घालून तपासणी होईल, सरकारचे नियम केव्हाही बदलतील. ज्यांना धाकधूक वाटत असेल त्यांनी गुरुवारपर्यंत सांगावं, पुढची तारीख देऊ. मुंबई ते गोवा, शनिवारी, अठरा तारखेला संध्याकाळी निघायचं. मुलुंडला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या लेकीने, जान्हवीने, आईबापांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून हे बुकिंग केलं होतं.

“दोन्ही डोस झालेत आपले,” शेवंती पानं खुडता खुडता म्हणाली. “मी दोन-दोन मास्क लावून बसेन, पण बोटीत बसेन. चाळीस वर्षं नुसती ऐकली तुमची बोट. डेकवरचा चहा काय, लागलेली बोट काय, खलाशी काय! मी मेली नवी नवरी एस्टीतून आले, कशेडी घाटात ओकत.”

ती कोकण बोट दत्तारामच्या आयुष्यातली एकच मोठी गोष्ट होती. अकराव्या वर्षी देवगडच्या बंदरातून त्याला मुंबईला धाडलं ते थोरल्या भावाने. श्यामसुंदर त्याचं नाव, पण सगळे भाऊच म्हणायचे. वडील गेलेले. भाऊने शेती धरली आणि धाकट्याला शिकायला पाठवलं. बोट सुटल्यावर भाऊ धावत गावामागच्या कातळाच्या सड्यावर चढला आणि खांद्यावरचा पंचा हलवत राहिला. बोटीच्या कठड्याला धरून दत्तूने तो पांढरा ठिपका पार दिसेनासा होईस्तोवर बघितला होता. पुढे तो महापालिकेत चावीवाला झाला. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि ठरल्या मिनिटाला त्या गल्लीचं पाणी सोडायचं. एकतीस वर्षं हेच. बोरीवली पूर्वेच्या निम्म्या बायकांनी पाणी कमी येतं म्हणून त्याला शिव्या दिल्या असतील, पण पाणी उशिरा आलं असं एकीलाही म्हणता आलं नसतं. शब्दाचा पक्का माणूस, असं सगळे म्हणायचे. तेच आता त्याला सोसत नव्हतं.

कारण या वेळी त्याला रोगाची भीती वाटतच नव्हती. ती वाटायची तेव्हा वाटून झाली होती, आणि तिनेच सगळा घोळ केला होता.

मागच्या वर्षी, लॉकडाऊनच्या मे महिन्यात, भाऊने अंथरूण धरलं. किडन्या गेल्या होत्या. भाऊचा मुलगा चंद्रप्रकाश रोज फोन करायचा, “काका, बाबा तुझा नाव घेतत. येवक जमात काय?” गावाला जायला पोलिसांचा पास लागायचा. जान्हवीने मुलुंडवरून ऑनलाइन फॉर्म भरला आणि नंबर दत्तारामचा दिला. बुधवारी दुपारी मेसेज आला. पास मंजूर, मुदत तीन दिवस.

त्याच आठवड्यात दत्तारामबरोबर वीस वर्षं चाव्या फिरवलेला एक जोडीदार गेला होता. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं, बायकोलासुद्धा तोंड बघू दिलं नाही. दत्तारामला साखर. गावात मुंबईवाल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवत होते. त्याने मेसेज वाचला, फोन लेंग्याच्या खिशात टाकला आणि आत येऊन शेवंतीला सांगितलं, “नाही मिळाला पास. रिजेक्ट केला.”

शुक्रवारी भाऊ गेला.

दहाव्याचे विधी त्याने फोनवर, व्हिडिओत पाहिले. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तासभर सगळे उन्हात ताटकळले. शेवटी चंद्रप्रकाशने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, “बाबानू, काकाक पास मिळाक नाय. पास गावलो की तो घराक येतलो. मी शब्द देतंय.” आणि आला की कावळा! इकडे बोरीवलीत शेवंती डोळ्यांना पदर लावून रडली. दत्ताराम फोन धरून उभा होता आणि पास त्याच फोनात होता.

पुढे वाट कितीदा मोकळी झाली. त्याने कधी गुडघे पुढे केले, कधी दुसरी लाट, कधी लस. गाव राहिलं ते राहिलंच. आणि आता ही बोट. गोव्याला जाणारी बोट देवगडवरून जाणार म्हणजे जाणारच. भावाच्या मयताला न गेलेला माणूस त्याच किनाऱ्यासमोरून, हातात सरबताचा ग्लास घेऊन, मजा मारत जाणार. त्याची त्यालाच शिसारी येत होती. पण हे शेवंतीला सांगायचं कसं?

“कौल लावूया,” तो खिडकीतून वळून म्हणाला.

“बोटीसाठी कौल?” शेवंती खो खो हसली. “रवळनाथ म्हणेल, मला पण न्या!”

गावच्या देवाला कौल लावायची त्यांच्यात रीतच होती. लग्न असो, घर असो, नाहीतर कोर्टातली केस. गुरव देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. दत्तारामला खात्री होती की डावीच पडणार. देवाला सगळं ठाऊक होतं. एकदा देवानेच नाही म्हटलं की शेवंतीला तोंड द्यायला नको.

गॅलरीचं दार ओढून घेऊन त्याने फोन लावला. “चंदू, उद्या देवळात जा नि माझ्यासाठी कौल लाव रे.”

“कसलो, काका?”

“अठरा तारखेक जावचा काय जाव नको, इतक्याच इचार.” बोट हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना. ज्याच्या बापाला खांदा दिला नाही, त्या पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी मजेला चाललोय?

पलीकडे चंद्रप्रकाशने तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, “बरा काका. सकाळीच लावतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, तो ओरडतच. “काका, उजवो! गुरवान गाऱ्हाणा घातल्यान, ‘मुंबयचो दत्ताराम भावाच्या घराक येवक निघालो, तेका वाट दी’, नि पाकळी तशीच खाली! आये तर रडाकच लागली. तुझी खोली झाडून-सारवन घेतल्यान. सुटलंय मी शब्दातून, काका.”

दत्तारामने फोन खाली ठेवला. चूक चंदूची नव्हती. मुंबईचा चाकरमानी कौल लावून ‘जाऊ का’ विचारतो, तेव्हा तो गावाशिवाय आणखी कुठे जाणार? त्यातून दीड वर्ष तो पोरगा बापाला दिलेला शब्द उरावर घेऊन बसला होता.

“काय म्हणाला देव?” शेवंतीने आतून विचारलं.

“डावा,” दत्ताराम म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं, हे पुन्हा तेच झालं.

शेवंती पलंगावर बसली. बोटीसाठी म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते आणि चार दिवस घरातल्या घरात घालून सवय करत होती. ते तिने काढले, पुसले आणि खोक्यात घालून कपाटावर टाकले. “देवाने नाही म्हटलं तर नाही,” एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही.

गुरुवारी चार वाजता शेवंतीचा फोन वाजला. वहिनी होती. भाऊची बायको.

“गो शेवंती, साखरेवाल्याक सुंगटा चलतत मां? दत्तूक आवडतत म्हणान इचारतंय.”

“चालते की कोळंबी. पण कोणाला वैनी? कधी?”

“आता काय म्हणू तुका! शनवारी येतास मां? चंदून सांगल्यान, कौल उजवो झालो. तुझ्या घोवान नाय सांगल्यान तुका?”

शेवंतीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. दत्ताराम टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बसला होता, टीव्ही न लावता. “हां हां, येतायत ना ते,” ती फोनमध्ये म्हणाली. “सुंगटं करा तुम्ही.” मग फोन खाली ठेवून त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“डावा ना?”

त्याने स्वतःचा फोन काढला, बराच वेळ बोटाने वर सरकवत राहिला आणि तिच्या हातात दिला. शेवंतीने चष्मा नाकावर सारखा केला. मेसेज वाचला, तारीख वाचली, पुन्हा मेसेज वाचला.

“हा भाऊंच्या वेळचा.”

“हो.”

“म्हणजे मिळाला होता.”

“घाबरलो गं. पाय उचललाच नाही माझा.” आणि मग चंदूला कौल लावायला कसं सांगितलं, बोटीचं नाव का घेतलं नाही, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

शेवंतीने फोन त्याच्या मांडीवर टाकला. “गावातल्या बायका मला टोमणे मारत होत्या, माहितीये? मी एकेकीला सुनावलं. म्हटलं, पास मिळाला असता तर हा माणूस चालत आला असता. चालत! दीड वर्षं माझ्या तोंडून खोटं वदवलंत तुम्ही.” तिने डोळे पुसले. “घाबरलात ते कळतं हो. घाबरायचेच दिवस होते, मीसुद्धा तुमचा हात धरून ठेवला असता. पण मला तरी सांगायचं होतंत. मी काय परकी होते?”

“चुकलं माझं. आत्ताच कळवतो त्यांना, बोट रद्द म्हणून. दोघं गावाला जाऊ.”

“का म्हणून?” शेवंती ताडकन उठली. “पाप तुमचं, आणि बोट माझी बुडवायची? तुम्ही गावाला जा. तुमच्या जागी जान्हवी येईल माझ्याबरोबर. नाव बदलून मिळत असेल, विचारते तिला. रोगाचं काय व्हायचं ते होवो. मी जाणार.” तिने कपाटावरचं बुटांचं खोकं खाली घेतलं. “आणि वैनीला तुमच्या तोंडाने सांगायचं. फोनवर नाही. समोर उभं राहून.”

सहाला दहा मिनिटं असताना जान्हवीने कळवलं, नाव बदललं.

एस्टीचा संप होता. दत्ताराम शुक्रवारी लक्झरीने निघाला आणि शनिवारी सकाळी गावात उतरला. वहिनीने त्याच्या पायांवर पाणी घातलं. शेवंती बोटीने गोव्याला चाललीय, एवढं त्याने सांगितलं. सुंगटांचं कालवण वाढलं, भात वाढला, वर पुन्हा वाढला. चंद्रप्रकाश त्याला भाऊने लावलेली कलमं दाखवत हिंडला. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर दत्ताराम तीनदा जाऊन उभा राहिला. अख्खा दिवस गेला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. कोणी रागावलं असतं तर बोलता तरी आलं असतं.

रविवारी उजाडता उजाडता वहिनीनेच हाक मारली. “चल रे दत्तू, सड्यार जावया. शेवंतीची बोट दिसता काय बघूया.” थंडी होती म्हणून तिने डोक्याला भाऊचा जुना पंचा बांधला होता.

सड्यावर गवत दवाने भिजलं होतं. खाली समुद्र अजून करडाच होता. दोघं बराच वेळ उभी राहिली. मग उत्तरेकडून, खूप लांब, काहीतरी पांढरं दिसलं. होडी नव्हती, होडी एवढी उंच नसते.

“ती बघ,” वहिनी म्हणाली. “केवडी मोठी गो बाय! नशीबवान आसा शेवंती.”

“वैनी,” दत्ताराम म्हणाला. “पास गावलो होतो माका.”

वहिनी बोटीकडे बघत राहिली.

“बुधवारी गावलो होतो. भाऊ जावच्या आदी दोन दिवस. मी इलंय नाय. भियालंय मी.”

बोट हळूहळू समोर आली. दत्ताराम वाट बघत होता, तिने शिव्या द्याव्यात, रडावं, निदान त्याच्याकडे वळून बघावं. वहिनी तशीच उभी होती. मग तिने डोक्याचा पंचा सोडला, एकदा झटकला आणि त्याच्यासमोर धरला.

“हलव,” ती म्हणाली. “शेवंती बघत आसतली. ती बोट दिसायची बंद होयसर हलवीत रव.”

दत्तारामने पंचा घेतला. हात खांद्याच्या वर जायला जरा वेळ लागला. वहिनी मागे वळली आणि घराच्या वाटेला लागली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तो हलवत राहिला. बोट गेली, समुद्र रिकामा झाला, तरी त्याचा हात खाली आला नाही.