काळजीची वेळ साडेसात ते पावणेआठ

आमच्या चिरंजीवांना, सुदर्शनला, काळजी करायचाच पगार मिळतो. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. कुठे काय बिघडेल ते आधीच शोधायचं. पण हे गृहस्थ ते काम घरीही करतात.

मी सातलाच शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे कुलूप लावणारा तो. ऑफिसला जाताना औंधला पोचला की डोक्यात किडा वळवळणार: गॅस चालू राहिला तर? की वळवली गाडी परत नारायण पेठेत. महिन्यात सहा वेळा! सहाही वेळा गॅस बंद. शेवटी ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं, गुरुवारी दहाला परदेशी पाहुण्यांसमोर डेमो आहे, उशीर झाला तर नोकरी विसरा.

पोरगा अगदी रडकुंडीला आला. माझाही जीव तुटला, पण पाठीवरून हात फिरवत बसणं मला जमत नाही. मी पाटी लिहिली आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावली:

‘काळजी करण्याची वेळ सायं. ७.३० ते ७.४५. इतर वेळी आलेल्या शंका कागदावर लिहून आणाव्यात. तीच शंका दोनदा घेतली जाणार नाही. रविवारी बंद.’

“आई, हा काय चावटपणा?”

“वाचता येतं ना?”

पहिल्या दिवशी तेवीस शंका आणल्या. वाचता वाचता स्वतःच हसायला लागला. बुधवारी चारच होत्या.

गुरुवारी बाराला घरी आले, तर जिन्यातच करपल्याचा वास. गॅस बारीक चालू, दुधाच्या पातेल्याचा कोळसा, घरभर धूर. नशीब, पातेल्यावर निभावलं! धावत जाऊन बटण बंद केलं आणि रिकाम्या घराला तोंडाला येईल ते बोलले.

मग पातेलं शेजारच्या मुक्ताईंकडे लपवलं, भिंत घासली, खिडक्या उघडून उदबत्त्या लावल्या.

संध्याकाळी स्वारी पेढे घेऊन नाचतच आली. “आई, नोकरी पक्की! औंधला परत वाटलं गं, गॅस चालू आहे. पण कागदावर लिहिलं आणि सरळ पुढे गेलो. उगाच घाबरायचो मी. होता ना बंद?”

जिभेवर पन्नास टोमणे आले. आयुष्यात पहिल्यांदा सगळे गिळले.

“बंदच होता,” मी म्हटलं.

शुक्रवारपासून शाळेला निघताना सिलिंडर मीच बंद करून जाते. चिरंजीव दूध थंड पितात आणि चहा ऑफिसात.