मावशीची बिनवायरी गिटार

मागच्या कार्यक्रमात मावशी स्टेजवर आडवी झाली, तेव्हापासून भाच्याच्या तोंडी एकच पालुपद. "तू आता मागे बस. ड्रमच्या शेजारी. गादीची खुर्ची देतो ना!"

पडली कशी, तर गिटारची वायर कुबडीत गुरफटली. एक पाय लहानपणापासून अधू. पण त्याच कुबडीवर बाईनं तीस वर्षं कारखान्यात लोखंड कातायचं लेथ चालवलं आणि वीस वर्षं गिटार वाजवली. बँड भाच्याचा. गायक तो, मालक तो, शहाणाही तोच. वाजवायला मात्र मावशी लागायची.

"मग वायरच नको," मावशी म्हणाली. "बिनवायरीचं घेते. चल बरोबर."

"येतो. पण दुकानात एकदा जरी आवाज तुटला, तर मागे बसायचं. कबूल?"

"कबूल!" रागात माणूस काय वाटेल ते कबूल करतं.

रविवारी सकाळी मावशीनं गिटार आणि आपला पेडलबोर्ड दुकानात मांडला. पेडलबोर्ड म्हणजे फळीवर ओळीनं बसवलेल्या, आवाज बदलायच्या डब्या. लोक त्या पायानं दाबतात. मावशी काखेतल्या कुबडीच्या रबरी टोकानं दाबायची. वाजवता वाजवता, खाली न बघता.

दुकानदारानं वायरीशिवाय आवाज पोचवणारी, अंगठ्याएवढी दोन बोंडं काढली. "हे घ्या काकू. एक गिटारला खोचायचं, एक पहिल्या डबीला. नव्या लोकांना आम्ही हेच देतो."

"नवी कोण रे? तुझ्या दाढीपेक्षा माझी गिटार जुनी आहे."

खोचलं. आवाज छान आला. मावशीनं डबी दाबायला कुबडी टाकली, आणि डबीतून बाहेर आलेलं ते बोंड टणकन उडून काउंटरखाली गेलं. सगळं चिडीचूप.

"तुटला!" भाच्यानं टाळीच वाजवली.

"आवाज नाही, बोंड उडालं. जिथे पाय पडणार तिथे नाक वर काढून कुणी बसतं का? ए दाढीवाल्या, फळीला चिकटून बसेल असं दाखव."

दुसरं आलं ते इतर डब्यांसारखंच सपाट. गिटारकडचा भाग पट्ट्याला अडकवायचा. "पण याची जरा कटकट आहे," दुकानदार म्हणाला. "आधी दुसरं कुणी वापरत नाही असा मोकळा चॅनल शोधावा लागतो."

"कटकटीची सवय आहे मला. बहिणीचा मुलगा बँड चालवतो."

पहिला सूर काढला आणि मावशीनं तोंड वाकडं केलं. पातेल्यात चमचा खरवडल्यासारखा आवाज. "एवढा फरक कुणाला कळत नाही हो," दुकानदार म्हणाला.

"पातं बोथट झालं की मला लेथच्या आवाजावरून कळतं. हे नाही कळणार?" लांब वायरीतून आल्यासारखा आवाज मऊ करायचं एक बटण होतं, ते तिनं फिरवलं. आता कसं!

मग ती वाजवत वाजवत दाराबाहेर पडली. रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानापाशी उभी राहिली. मधून बस गेली आणि दुकानातला आवाज क्षणभर गिळल्यासारखा झाला.

"तुटला! ऐकलं मी!" भाचा दारातून ओरडला.

मावशी थांबली नाही. वाजवत परत आली आणि त्याच्या छातीसमोर उभी राहिली.

"तुटला. तुझ्या स्टेजवर बस येणार आहे का?"

"पण तू कबूल केलं होतंस."

"चूक झाली. मोडलं कबूल केलेलं. वायर बदलली काय, न बदलली काय, मी पुढेच उभी राहणार. त्या दिवशी मी आडवी पडूनही गाणं पुरं वाजवलं. गाता गाता थांबलास तू! कुबडीची लाज वाटते ना? मग तसं तोंडावर सांग. वायरीवर का ढकलतोस?"

भाच्याचे कान लाल. "लाज नाही गं... लोक बघतात."

"बघू देत की. तिकीट काढून आलेत."

दुकानदार सगळं खोक्यात माघारी भरायला लागला, तर मावशीनं त्याचा हात धरला. "भरू नकोस. आत्ताच बसवायचंय."

भाचा खाली बसला, त्या सपाट डबीच्या चिकटपट्टीचा कागद सोलला. "कुठे लावू?"

"सगळ्या डब्यांच्या आधी. नीट दाब. आणि येत्या शनिवारी स्टेजच्या मधून जरा बाजूला सरक. मला ऐसपैस जागा लागते."