आकडेबाबांचा आकडा

२००९ साली जांब्याच्या माळावर आकडेबाबांचा दरबार भरायचा. गर्दी अशी, की कासारसाई धरणातले मासेसुद्धा माना वर काढून बघायचे म्हणे. सांगणाऱ्याने शपथ घेतली होती. मासे मात्र काही बोलले नाहीत.

"सावली सोसायटी, चौथा मजला! खरं का खोटं, बाई?" बाबा डोळे मिटून गरजले.

हेमलता थरारली. फ्लॅट बुक केल्याचं तिच्या बहिणीच्या नवऱ्याखेरीज, विश्रामखेरीज, इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला दरबारात ओढून आणणाराही तोच. पण बाबांशी तो चकार शब्द बोलला नव्हता. "बघ! मी म्हणत नव्हतो?" तो कुजबुजला.

"बिल्डरच्या खात्याला ग्रहण लागलंय! देव नवा आकडा धाडील, पैसे त्यातच टाक. आणि बिल्डरला फोन करू नकोस. आकडा बाटेल!"

देव भलताच आधुनिक. दुसऱ्याच दिवशी बिल्डरच्या नावाने मेल आला: 'आमचे खाते बदलले आहे. पैसे पुढील क्रमांकावर पाठवावेत.'

हेमलता कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकली. "भावोजी, आधीच्या मेलच्या पत्त्यात 'सावली'चा व व्हीने होता. इथे डब्ल्यू दिसतोय."

विश्राम खो खो हसला. "अगं, व तो वच! माझं नाव निम्मं ऑफिस डब्ल्यूने लिहितं. म्हणून पगार शेजाऱ्याला मिळतो का?"

इस्पितळात रात्रपाळ्या करून जमवलेली हेमलताची पुंजी त्या नव्या खात्यात गेली. आठवड्याने बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, हप्ता कधी भरताय?"

विश्रामने कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मेधाबाईंना गाठलं.

"मेल कुठे बघता तुम्ही?"

"पप्पूच्या सायबर कॅफेत."

"आणि दरबारात बाबांच्या कानाशी कोण लागतं?"

विश्रामचा चेहरा पडला. "पप्पूच."

मेधाबाईंनी त्याच कॅफेत बसून भावाला मेल लिहिला: 'घरमालकीण बाळाबाई वारल्या. घरात राहायची भीती वाटते.' पुढच्या दरबारात त्या अगदी समोर बसल्या. पप्पू बाबांच्या कानाशी लागला.

"मास्तरीणबाई! तुझ्या घरात बाळाबाईचा आत्मा फिरतोय!"

"फिरत न्हाई रं मुडद्या, हितं उभी हाय!" गर्दीतून बाळाबाई कडाडल्या. "आन् पायताण हातात हाय!"

पप्पू पळाला, पण लोकांनी धरला. मेधाबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "तारेवर आकडा टाकून वीज चोरतात ना? तसा यांनी तुमच्या मेलवर टाकला. पप्पूचा कॉम्प्युटर तुमचे पासवर्ड टिपून ठेवायचा. तो मेल वाचायचा, बाबा भविष्य सांगायचा. मग एक अक्षर बदलून पप्पूच नवा मेल धाडायचा."

पोलिसांनी दोघांना नेलं. ते खातं मात्र केव्हाच रिकामं झालं होतं.

हेमलता रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी दाखवलं होतं, भावोजी."

विश्रामला त्यापेक्षा पायताण परवडलं असतं.

तेव्हापासून कुणी घर घेतंय असं कानावर आलं, की विश्राम न बोलावता जाऊन बसतो. "पैसे पाठवण्याआधी बिल्डरला फोन करा. मेलमधल्या नंबरवर नव्हे, बुकिंगच्या पावतीवरच्या. खातं बदललं म्हणाले, तर ऑफिसात जाऊन तोंडावर विचारा. देव खातेक्रमांक धाडत नाही. आणि जिथे कुणी 'विचारू नको' म्हणतं, तिथेच विचारायचं."

लोक उठायला लागले, की तो हलकेच जोडतो, "आणि घरातल्या कुणाला एका अक्षराची शंका आली, तर हसू नका."