उष्ट्या भाताची खळ

भंडाऱ्याच्या कोष्टीपुऱ्यात केशरबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरगावच्या एका महाराजांनी सून रेणूनं केलेल्या भाताच्या पेजेत तपकिरी तीर्थाचे थेंब टाकले आणि पेज काळीनिळी झाली. केशरबाईंचं पोट महिनाभर दुखत होतं. त्याचं कारण म्हणे सापडलं. महाराज म्हणाले, "करणी आहे, माय. सुनेच्या हातात आहे."

मग मंत्र पुटपुटत ते पेजेत थुंकले, डोळे मिटून दहा मिनिटं बसले, आणि काळेपणा उतरला. लोकांनी हात जोडले. रेणूची पिशवी दारात भरून ठेवली होती. साकोलीच्या एसटीनं तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं, कायमचं.

मी विज्ञानाचा मास्तर. तीस वर्षं हाच प्रयोग शिकवतोय. रेणूचा नवरा संजीव माझाच विद्यार्थी. त्यानं वहीत तो सुबक अक्षरात उतरवला होता, आणि मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते. आता तो मान खाली घालून उभा होता. मला राग आला नाही, नुसता थकवा आला.

शाळेतून आयोडीनची बाटली आणली. शेजारच्या गिरजाबाईंनी नैवेद्याला आणलेला भात पाण्यात कालवून त्यात थेंब टाकला. तोही काळानिळा. आता गिरजाबाईंनाही माहेरी धाडायचं का, असं विचारलं. मग रेणूला त्यात थुंकायला लावलं. ती रडत रडत थुंकली. दहा मिनिटांत रंग गेला. तोवर महाराजांना दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला होता.

मी सांगितलं, "भातातलं पिष्ट आयोडीननं निळं पडतं. थुंकीतलं विकर, म्हणजे पाचक द्रव्य, त्या पिष्टाची साखर करतं, म्हणून रंग जातो. अन्न पचायला तिथूनच सुरुवात होते. महाराजांच्या तोंडात जे आहे, तेच सुनेच्या तोंडात."

केशरबाईंनी चाळीस वर्षं मागावरच्या सुताला ताठपणा यावा म्हणून भाताची खळ लावली होती. त्या हळूच म्हणाल्या, "उष्ट्या भाताची खळ पातळ होते, धाग्याले धरत नाही. मले ठाऊक होतं, मास्तर. मंग म्या काहून ऐकलं?"

पोट डॉक्टरला दाखवा, एवढंच म्हणालो. त्या पिशवी आत न्यायला वाकल्या, पण रेणूनं ती सोडली नाही. साडेचारच्या एसटीनं ती आपणहून माहेरी गेली.

वाचकहो, भाताचा एक घास घ्या, गोड लागेपर्यंत चावा. तेवढा वेळ थांबा, मग कोणाची पिशवी दारात ठेवायची ते ठरवा.