चौथा इंजेक्टर

“ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेलं नाही,” तो म्हणाला आणि इंजिनातून काढून नाकाशी धरलेली ऑइलची पट्टी त्याने फडक्याला पुसली.

पायरीवर बसून ती शर्टाला बटण लावत होती. तिची सुई तशीच राहिली. पट्टी बाहेर निघाल्यानिघाल्या पेट्रोलचा वास पायरीपर्यंत आला होता, आणि हा माणूस तीच पट्टी नाकाला लावून नाही म्हणत होता.

तिने दोरा दाताने तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

गॅरेजात त्याला सगळे ‘नाक’ म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या वेळी निघायचं. गाडी दारात आली की मालक ओरडायचा, “आधी नाकाला दाखवा, मग मशीनला.” हा बॉनेटमध्ये वाकायचा, डोळे मिटायचा आणि क्लच जळतोय, पाणी गळतंय की आत उंदीर मेलाय ते सांगून मोकळा व्हायचा. घरी तेच. तिने कढईत कांदा टाकला की हा बाहेरूनच, “अगं, गॅस बारीक कर, कडेनं लागतोय.” त्या नाकापायी तिच्या नाकी नऊ आले होते.

आणि हिवाळ्यातल्या त्या मोठ्या तापानंतर सगळं एकदम गोड झालं. जेवायला बसला की, “छान झालंय.” दुसऱ्या दिवशी, “आजही छान झालंय.” इतक्या वर्षांनी नवरा उठताबसता स्वयंपाकाची तारीफ करू लागला, तर कुठल्याही शहाण्या बाईच्या मनात पाल चुकचुकणारच. मागच्या आठवड्यात तर दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला आणि हा ओट्याजवळच पेपर वाचत बसलेला. तिने पातेलं घासलं आणि तोंड मिटून ठेवलं. काही गोष्टी विचारल्या की खऱ्या होतात, असं तिला वाटायचं.

पण आज गप्प बसून भागणार नव्हतं. गाडी संध्याकाळी लेकीकडे जायची होती. लेकीला गावाच्या दुसऱ्या टोकाला नोकरी लागली होती. उद्यापासून पोरीला मागच्या सीटवर बसवून, पाळणाघरात सोडून ती पुढे जाणार होती. गाडी जुनी. गरम झाली की सुरू व्हायला रडायची, मागून काळा धूर सोडायची. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ठिबकतात, हे त्याने नुसत्या धुरावरून ओळखलं होतं. जावई म्हणाला, गॅरेजला देऊ. हा म्हणाला, “माझ्या गाडीच्या पोटात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही.”

म्हणून सकाळपासून अंगणात हा दवाखाना उघडला होता. पंपाचा फ्यूज काढून त्याने इंजिन दम तुटेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतलं पेट्रोल अंगावर उडायला नको. मग बॅटरीची तार सोडली, वाळूची बादली जवळ ओढली. हात मात्र तेच होते, सावकाश आणि खात्रीचे. बोल्ट सुटले, पेट्रोलची आडवी नळी वर आली आणि तिला चार इंजेक्टर लोंबू लागले, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे.

“यांनी छळलं होय,” ती म्हणाली.

“दिसायला गरीब आहेत. आतून गळके.”

“असतात अशी माणसंही.”

“हो, माझी सासू होती,” तो म्हणाला, आणि तिने बटणाची डबी त्याच्या दिशेने उगारली.

नव्या इंजेक्टरच्या रबरी रिंगांना त्याने बोटाने ऑइल लावलं, एकेक करून नळीत दाबून बसवला. शेवटचा, भिंतीकडचा, जरा अडला. त्याने पंजा लावून दाबला. सगळं जागेवर गेलं, बोल्ट आवळले, तार जोडली, फ्यूज लावला.

“आत बस. चावी फिरव, पण स्टार्ट नको मारूस. नुसता पंप चालू दे.”

ती बसली. चावी फिरवली. मागे पंप घुरघुरला. त्याने टॉर्च मारली, आणि मग वाकून, डोळे मिटून, पूर्वीसारखा लांब श्वास घेतला. तिला एकदम भडभडून आलं. एवढं सगळं साग्रसंगीत, आणि खिडकीतून पेट्रोलचा वास तिच्या घशापर्यंत आलेला.

“कोरडं ठणठणीत,” तो म्हणाला. “मार स्टार्ट.”

तिने चावी बंद केली, काढली आणि मुठीत धरली.

“अगं, काय झालं?”

“नाही मारत.”

“तुला काय कळतं इंजिनातलं?”

“इंजिनातलं नाही कळत. वास कळतो.”

तो टॉर्च तशीच धरून उभा राहिला. भर उन्हात ती पेटलेलीच होती. त्याने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा तिच्या मुठीकडे. आता चिडणार, असं तिला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

“किती येतोय?” त्याने हळूच विचारलं.

“पुष्कळ.”

“कुठून?”

ती उतरली. पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा बॉनेटमध्ये डोकं घातलं. पहिल्यापाशी थांबली, दुसऱ्यापाशी, तिसऱ्यापाशी. तो शेजारी उभा, निकाल लागायचा असल्यासारखा.

“इथे. भिंतीकडच्याला.”

त्याने बोट खाली घातलं. ओलं झालं. त्याने सगळं पुन्हा सोडलं, नळी वर घेतली आणि चौथ्याच्या भोकात टॉर्च धरली. जुनी रिंग आतच चिकटून बसली होती, चपटी, काळी. त्याने तिच्यावरच नवा इंजेक्टर कोंबला होता.

“जुना भाडेकरू गेलाच नव्हता,” तो म्हणाला. “मी वर नवा आणून बसवला.” हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. “लहान होतो तेव्हा पहिल्याच दिवशी उस्तादानं सांगितलं होतं, आधी भोक बघ. तेवढंही राहिलं.”

“सापडली ना. काढा आता.”

तो पिनेने रिंग उकरू लागला. थोड्या वेळाने मान वर न करता बोलला, “वास तापात गेला. वाटलं, येईल परत. रोज सकाळी साबण हुंगून बघतो.”

“म्हणून गॅरेज सोडलंत?”

“गुडघे म्हणालो ना.”

“गुडघे दुखणारा माणूस टाकी साफ करायला गच्चीवर चढत नाही.”

“मग काय सांगू तिथे? नाकच म्हणतात मला.” पिनेच्या टोकाला रिंग आली. त्याने ती फडक्यात ठेवली. “मालक म्हणाला असता, बसून रहा नुसता. तेच नको होतं.”

तिने टॉर्च त्याच्या हातातून घेतली आणि भोकावर नीट धरली. पुढचं काम दोघांनी केलं, पट्टीलाही वास होता म्हणून ऑइलसुद्धा बदललं. पुन्हा पंप घुरघुरला. या वेळी तो वाकला नाही, बाजूला सरकला. ती चारही ठिकाणी फिरली, परत एकदा फिरली.

“नाही,” ती म्हणाली. “खरंच नाही.”

“मग मार स्टार्ट.”

गाडी एका दमात सुरू झाली.

संध्याकाळी लेक आली. कडेवर पोरगी, खांद्यावर पिशवी.

“बाबा, झाली? पुन्हा रडणार नाही ना?”

“तुझ्या आईनं पास केलीय.”

“आईनं? आई कधीपासून मेकॅनिक?”

“आजपासून. हे बघ,” त्याने चावी तिच्या हातावर ठेवली, “पेट्रोलचा वास आला तर जिथे असशील तिथे बंद कर, पोरीला घेऊन उतर. मला फोन करून, येतोय का हो, म्हणून विचारू नकोस. मला वास येत नाही.”

चहात साखर नको म्हणावं इतक्या साधेपणाने त्याने ते सांगितलं. लेकीने आईकडे पाहिलं. आई पोरीच्या टोपीची नाडी बांधत होती.

“बरं, बाबा,” लेक म्हणाली. जरा थांबून त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, मग निघाली. गाडी वळणावर जाईपर्यंत मागे धूर दिसला नाही.

तो नळावर बराच वेळ हात धूत होता. मग स्वयंपाकघरात येऊन त्याने दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले.

“गेला का बघ.”

तिने ते नाकाशी नेले. वरून साबण, आणि खाली पेट्रोल. इतकी वर्षं उशीवर असायचं तसं.

“नाही गेला.”

“परत धुतो.”

“राहू द्या,” ती म्हणाली आणि हात सोडले नाहीत.